सात नंबरचं पाणी

सकाळी साडेनऊला वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज व्हायचा आणि खालच्या मजल्यावर बादलीसाहेबांच्या पोटात दुखायला सुरुवात व्हायची. ती खुर्ची त्यांच्या धाकट्या साडूची होती. ज्या खोलीत ती सरकत होती ती खोली तीन वर्षांपूर्वीपर्यंत खुद्द बादलीसाहेबांची होती. दोन खिडक्या, भरपूर उजेड आणि कोपऱ्यात हात धुवायला बेसिन. आता त्या बेसिनशी साडू हात धुवायचा आणि पाणी भिंतीतल्या पाइपातून बादलीसाहेबांच्या कानाशी खळखळत खाली जायचं.

हे असं उलटंपालटं कसं झालं ते सांगायला हवं. बादलीसाहेबांचं खातं होतं नासलेल्या जमिनींचं. कारखाना बंद पडतो, यंत्रं विकली जातात, पण मातीत मुरलेलं तेल, रंग, आम्ल तिथेच राहतं. ती माती खणून न्यायची, खालचं पाणी शुद्ध करायचं हे काम मालकाचं. ते खरंच झालं का, हे जागेवर उभं राहून बघायचं आणि सही करायची हे काम खात्याचं. एकतीस वर्षं ही सही बादलीसाहेबांनी केली. मग ओरड सुरू झाली की खातं कासवाच्या पायाने चालतं. ती काही खोटी नव्हती. एकेका जमिनीला बादलीसाहेब चार-चार वर्षं घ्यायचे आणि वर म्हणायचे, "विषाला घाई नाही, मग तुम्हाला कसली?"

शेवटी कायदाच बदलला. परीक्षा देऊन परवाना मिळवलेले खासगी तज्ज्ञ आले. मालकानेच त्यांना नेमायचं, त्यांनीच देखरेख करायची आणि काम झालं की त्यांनीच सही करून दाबाचा शिक्का उठवायचा. खात्याने पाचातली एक फाइल चिठ्ठी टाकून निवडायची आणि तेवढीच तपासायची. झालं, खातं आक्रसलं. जीप गेली, निम्मी माणसं गेली, वरचा मजला भाड्याने निघाला. तो घेतला कोणी, तर ज्याला परवाना पहिल्या झटक्यात मिळाला त्या धाकट्या साडूने.

सासरी या दोघांना थोरले जावई आणि धाकटे जावई म्हणत. धाकट्याला खात्यात चिकटवला होता तो बादलीसाहेबांनीच. त्याला काम शिकवलं तेही त्यांनीच. पोरगा हुशार, निर्व्यसनी, नाकासमोर चालणारा बघून बायकोच्या बहिणीसाठी त्याचं नाव सुचवलं तेही त्यांनीच. त्या दिवशी सासूबाईंनी सगळ्यांसमोर "जावई असावा तर असा!" म्हटलं होतं, तेव्हा ते थोरल्याला उद्देशून होतं. पुढे दोनच वर्षांत तेच वाक्य तोंड फिरवून धाकट्याकडे गेलं आणि परत कधी आलं नाही.

'बादलीसाहेब' हे नाव त्यांच्या एका खोडीवरून पडलेलं. नासलेल्या जमिनीत तपासणीच्या विहिरी घालतात. नावाला विहीर, पण असतो तो जमिनीत उभा रोवलेला मनगटाएवढा पाइप, वर झाकण, झाकणाला कुलूप. त्यात दोरीला बांधलेली हातभर लांबीची नळकांड्यासारखी बादली सोडायची आणि खालचं पाणी वर काढायचं. नियम असा की पाइपात जेवढं पाणी उभं असेल त्याच्या तिप्पट उपसून फेकायचं आणि मगच तपासणीची बाटली भरायची. बाकीचे लोक हा नियम अंदाजपंचे पाळायचे. बादलीसाहेब प्रत्येक बादली मोठ्याने मोजायचे. ऊन असो, पाठ धरलेली असो, मालकाचा माणूस चहा घेऊन ताटकळत उभा असो, आकडा पुरा झाल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही.

"पाइपात उभं राहिलेलं पाणी शिळं," ते धाकट्याला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "वाफ होणारं विष त्यातून केव्हाच उडून जातं. ते पाणी तुला जमिनीची खबर देणार नाही, पाइपाची देईल. आणि पाइपाला विचारलंय कोणी?"

धाकटा हसला नव्हता. त्याने ते वहीत लिहून घेतलं होतं. ती वही त्याने अजून जपून ठेवली आहे, असं मेहुणी कौतुकाने सांगायची, आणि त्याचाही बादलीसाहेबांना राग यायचा. आपलं बोलणं लिहून घेऊन हा पुढे गेला आणि आपण बोलत तिथेच राहिलो, असा तो राग होता.

मत्सर हा शब्द त्यांनी स्वतःशी कधी उच्चारला नाही. ते त्याला तत्त्व म्हणायचे. "मालकाच्या पैशावर जगणारा मालकावर देखरेख काय ठेवणार?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता आणि प्रश्न म्हणून तो चांगलाच होता. पण तो विचारताना त्यांच्या डोळ्यांपुढे कायदा नसायचा, धाकट्याची बिनआवाजाची मोटार असायची. धाकट्याचा दाबाचा शिक्का असायचा, जो कागदावर उठला की बोटाला खडबडीत लागायचा. खात्याचा शिक्का शाईचा. तो बोटाला फक्त निळं करायचा.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली होती. परवाना मिळाल्यापासून ते धाकट्याला 'अहो' म्हणायला लागले होते. सतरा वर्षांचं 'तू' एका दिवसात बंद. "या, बसा, काय घेणार तुम्ही?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धाकट्याचा चेहरा पडला. "दादा, मला का अहोजाहो?" त्याने विचारलं. "आता तुम्ही मोठे लोक," बादलीसाहेब म्हणाले. त्या रात्री त्यांना झोप फार छान लागली.

निवृत्तीला चार महिने उरले होते, तेव्हा चिठ्ठ्यांमध्ये धाकट्याची फाइल निघाली आणि फिरत फिरत बादलीसाहेबांच्याच टेबलावर आली.

जागा होती लोखंडी सुटे भाग धुण्याच्या जुन्या कारखान्याची. तेलकटपणा काढायचं एक उग्र द्रावण तिथे वापरत आणि उरलेलं अंगणात ओतत. आता कारखाना पाडून तिथे सहा इमारती उभ्या राहणार होत्या. जमीन साफ झाली, माणसांना राहायला योग्य आहे, असा धाकट्याचा दाखला फाइलच्या वरच होता. तपासणीत गंभीर चूक निघाली, तर हा दाखला रद्द आणि बरोबर परवानाही रद्द, कायमचा. म्हणजे वरची खुर्ची बंद, बेसिन बंद, मोटार बंद.

तपासणी करणाऱ्याने एक फॉर्म भरायचा असतो. संबंधित तज्ज्ञाशी आपलं रक्ताचं नातं आहे का? बादलीसाहेबांनी पेन हातात घेऊन बराच विचार केला. साडू हे नातं रक्ताचं नाही. साडूला आत्तापर्यंत कुठल्याच सरकारी फॉर्मात जागा मिळालेली नाही. त्यांनी समाधानाने 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली.

पुढचे नऊ दिवस त्यांनी ती फाइल वाचली. वाचली म्हणजे, तांदूळ निवडतात तशी निवडली. मातीचे नमुने किती, कुठून, किती खोलीवरून. प्रयोगशाळेच्या तारखा. खणलेली माती वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या पावत्या. कुठे काही चुकलेलं नव्हतं. एके ठिकाणी बेरीज चुकली असं वाटून त्यांना घाम फुटला, पण पान उलटल्यावर खाली धाकट्याच्याच नेटक्या अक्षरात दुरुस्ती होती, तारखेसकट. प्रत्येक विहिरीच्या नोंदीत उपसलेल्या बादल्या एक-एक करून मोजलेल्या. ती पद्धत बादलीसाहेबांची होती. स्वतःचीच शिकवण दुसऱ्याच्या फाइलमध्ये इतकी चोख पाळलेली बघून कोणाही गुरूला भरून आलं असतं. बादलीसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय हो, ऑफिसात काही झालंय का?" बायकोने जेवताना विचारलं. "मूग गिळल्यासारखे बसलात."

"काही नाही. एक फाइल आहे."

"चुका आहेत?"

"नाहीत," ते इतक्या दुःखाने म्हणाले की तिने चमकून बघितलं.

दहाव्या दिवशी त्यांना चूक सापडली. जागेच्या नकाशावर विहिरी सात होत्या, तपासणीची पानं सहा. सातव्या विहिरीसमोर एवढंच लिहिलं होतं: 'पूर्वीच्या तपासणीनुसार स्वच्छ, म्हणून वगळली.' नवा कायदा साफ सांगतो की पूर्वीच्या कोणाच्याही कामावर विसंबायचं नाही, प्रत्येक विहीर स्वतः उपसायची. धाकट्याने सात नंबर उपसली नव्हती. बादलीसाहेबांनी ते वाक्य तीनदा वाचलं, मग उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या आताच्या खिडकीतून सायकली लावायची जागा दिसायची. त्या दिवशी ती जागाही त्यांना बरी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसने जागेवर गेले. खांद्यावर पिशवी, पिशवीत दोरी, जुनी बादली आणि बाटल्यांची पेटी. कारखाना पाडून झाला होता. सपाट मातीवर चुन्याच्या रेघा मारून इमारती आखल्या होत्या. पायाचं खोदकाम एका टोकाला चालू होतं, तिथला मुकादम छत्री धरून उभा होता. सात नंबर दुसऱ्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीपाशी गवतात होती. कुलूप इतकं गंजलेलं की किल्ली शिरेना. मुकादमाकडून हातोडी आणून त्यांनी ते तोडलं.

दोरी मोजून पाण्याची उंची काढली, हिशेब केला आणि बादली सोडली. "एक," ते मोठ्याने म्हणाले. "दोन." साठाव्या वर्षीही हात बसलेला होता, दोरी पाइपाच्या कडेला घासत नव्हती. नऊ बादल्या झाल्या आणि दहावी रिकामी वर आली. विहीर कोरडी पडली होती. तिथली माती चिकण असली पाहिजे, पाणी झिरपायला वेळ घेणार. अशा वेळी नियम सोपा असतो, थांबायचं. ते उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसले. तासाभराने बघितलं तर तळाशी चार बोटं पाणी. दुपारी वीतभर. संध्याकाळपर्यंतही बाटली भरण्याइतकं आलं नाही. ते झाकण लावून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मग बादली टेकली आणि वर येताच त्यांना वास आला. गोडसर, डोक्यात जाणारा. तो वास त्यांनी झोपेतही ओळखला असता.

पहिलं काम त्यांनी हे केलं की मुकादमाला बोलावून सात नंबरभोवती दोरी बांधली आणि त्या बाजूच्या दोन इमारतींचं खोदकाम सुरू करू नका असं बजावलं. "जमिनीतून वाफ वर येते," ते म्हणाले. "उद्या तळमजल्यावर कोणाचं बाळ झोपलेलं असेल, खिडक्या बंद असतील. कळलं?" मुकादमाला कळलं. एवढं झाल्यावर ते बसमध्ये बसले, आणि तेव्हा मात्र त्यांना इतका आनंद झाला की वाहकाने विचारल्यावर त्यांनी उतरायच्या ठिकाणाचं नाव चुकीचं सांगितलं.

प्रयोगशाळेचा अहवाल पाच दिवसांनी आला. सात नंबरच्या पाण्यात मर्यादेच्या चाळीसपट विष. नियमाप्रमाणे एक प्रत वर धाकट्याकडेही गेली. त्या दिवशी डोक्यावर खुर्ची सरकली नाही. नळाचं पाणीही खळखळलं नाही. बादलीसाहेबांनी कान देऊन ऐकलं आणि त्या शांततेत चहा प्याले.

आता अहवाल लिहायचा राहिला होता. तो असा लिहायचा होता की परवान्यांचा निवाडा करणाऱ्या समितीत कोणाला तोंड उघडायला जागा राहू नये. म्हणून 'पूर्वीची तपासणी' म्हणजे नक्की कोणत्या निष्काळजी माणसाची तपासणी, हेही जोडावं असं त्यांनी ठरवलं आणि ते तळघरात रेकॉर्डवाल्या बाईंकडे गेले. बाईंनी नाकाला रुमाल बांधून अर्ध्या तासात एक पिवळा गठ्ठा काढून दिला.

"हे संगणकात चढवलेलं नाही हं," त्या म्हणाल्या. "एवढीच प्रत आहे. सांभाळून."

त्यांनी जागेवरच उभ्या उभ्या पानं उलटली. ही जागा त्या वेळी दुसऱ्या एका साहेबांकडे होती, एवढं त्यांना आठवत होतं. ते साहेब केव्हाच वारले. सात नंबरच्या पानावर मात्र अक्षर त्या साहेबांचं नव्हतं. ते साहेब रजेवर गेलेले असताना एका दिवसासाठी बदली माणूस गेला होता. 'तिप्पट पाणी उपसून नमुना घेतला. विहीर स्वच्छ. पुढे तपासणीची गरज नाही.' खाली वेळ होती, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. त्याखाली बादलीसाहेबांची सही होती.

"पाणी देऊ का?" बाईंनी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "खाली फार कोंदट आहे हो."

अकरा वर्षांपूर्वीची ती तारीख त्यांना जिन्यातच आठवली. त्या संध्याकाळी धाकट्याच्या नव्या घरी जेवण होतं. धाकट्याने तेव्हा नुकतीच खात्याची नोकरी सोडून खासगी कंपनी धरली होती आणि पाहता पाहता घर घेतलं होतं, गच्चीचं. बायकोचे दुपारपासून तीन फोन झाले होते. "उशीर करू नका. तुम्हाला बघवत नाही म्हणून आला नाहीत, असं म्हणतील." ती चेष्टेत म्हणाली होती, पण ते त्यांना असं झोंबलं की काही विचारू नका. त्यांनी सात नंबर उपसली, ती मध्येच कोरडी पडली. थांबायचं तर दुसऱ्या दिवसापर्यंत. मग त्यांनी काय केलं? आधी उपसून बाजूच्या टमरेलात ओतलेलं पहिल्या बादलीचं शिळं पाणी बाटलीत भरलं, 'तिप्पट उपसा' लिहिलं आणि सहाच्या ठोक्याला धाकट्याच्या दारात हजर झाले. हसतमुखाने. गच्चीवर उभं राहून "वा, काय वारा आहे!" असंही म्हणाले. आपण जळत नाही हे दाखवायची त्यांना एवढी घाई झाली होती.

आता तो पिवळा कागद त्यांच्या खिशात होता. एकच प्रत. तो फाइलला लावला नाही, तर सगळा दोष कायद्याने धाकट्याचा होता, कारण उपसायची जबाबदारी त्याची होती. खोटं एक अक्षरही लिहावं लागणार नव्हतं. कागद नुसता खिशात राहू द्यायचा होता. चार महिन्यांनी निवृत्ती, हार, भाषणं.

संध्याकाळी धाकटा खाली आला. दारातच उभा राहिला. दोन दिवसांत दाढी केलेली दिसत नव्हती.

"येऊ का दादा?"

"या ना. बसा."

तो बसला. थोडा वेळ त्याने टेबलावरच्या जुन्या बादलीकडे बघितलं. "सात नंबर भरायला किती वेळ लागला?"

"दुसरा दिवस उजाडला," बादलीसाहेब म्हणाले आणि म्हणून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो.

जुनी फाइल धाकट्याने वाचलेली होती. चार दहाची वेळ त्याला माहीत होती. आणि ती तारीख त्याच्या नव्या घरातल्या त्या जेवणाची होती, ती तो विसरणार नव्हता.

"त्या पानावर तुमची सही होती," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या कोणाची असती तर मी सात नंबर पहिली उपसली असती. मालकाच्या माणसाने विचारलं होतं, ही परत करायची का? मी म्हटलं, ज्यांनी मला बादली धरायला शिकवली त्यांनी तिप्पट उपसा लिहिलाय. त्यांच्यामागे मी परत पाणी काढू?"

इतकी वर्षं बादलीसाहेबांना वाटत होतं की हा माणूस आपल्या डोक्यावर बसलाय. तो तर आपल्या सहीवर बसला होता, बिनधास्त, डोळे मिटून.

"आता काय करणार तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"केलं. समितीला पत्र सकाळीच दिलं. चूक माझी, पूर्णपणे माझी, जुन्या कागदांचा यात काही संबंध नाही असं लिहिलंय." तो उठला. "तुमचे चार महिने राहिलेत दादा. नीट जाऊ देत. मी काय, परत नोकरी बघेन कुठेतरी."

"आणि आत्ता तुम्हाला जे कळलं ते?"

"मला काय कळलं?" धाकटा म्हणाला. "पत्र मी बदलणार नाही." आणि तो गेला.

तो गेल्यावर बादलीसाहेबांना आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली, हेही खरं. पण बसस्टॉपपर्यंत चालत जाताना त्या लाजेखालून काहीतरी वर यायला लागलं, त्यांच्या चांगल्याच ओळखीचं. घरी पोचेपर्यंत ते गळ्यापर्यंत आलं होतं.

बायको फोन ठेवतच होती. डोळे पुसलेले होते. "ताईशी बोलत होते," ती म्हणाली. धाकटी बहीण वयाने लहान, पण लाडाने ती तिला ताई म्हणायची. "यजमानांनी तिच्या सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंय म्हणे. दुसऱ्याकडे बोटही दाखवलं नाही. परवाना जाणार, तरी 'माझी चूक' म्हणून मोकळे झाले. केवढं मन आहे हो त्यांचं! नाहीतर माणसं..." तिने नाहीतरच्या पुढे काही सांगितलं नाही. ताट वाढायला उठली आणि उठता उठता म्हणाली, "आई म्हणत होती, जावई असावा तर असा."

बादलीसाहेबांचा घास तोंडाशीच थांबला.

खोली गेली होती. खिडक्या गेल्या, सही गेली, शिक्का गेला, सासूबाईंचं वाक्य गेलं. आणि आता चूक ही एक गोष्ट होती, जी नखशिखान्त त्यांची स्वतःची होती. तीही धाकट्याने उचलून स्वतःच्या नावावर केली आणि वर मोठेपणा मिळवला. समितीत लोक हळहळणार, काय माणूस आहे म्हणणार. आणि निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालून आपण उभे राहणार, तो टाळ्या वाजवणार, आणि त्याला माहीत असणार. दर टाळीला माहीत असणार. जन्मभर प्रत्येक जेवणाला तो समोर बसणार, "दादा, अजून थोडं घ्या ना" म्हणणार, आणि त्याला माहीत असणार. हे मात्र बादलीसाहेबांना सोसवेना. असल्या उपकाराखाली ते एक दिवस जगले नसते.

"नाही," ते एकदम म्हणाले.

"काय नाही? भाजी नको?"

"तो एकटा मोठा होणार नाही."

सकाळी ते नेहमीपेक्षा आधी ऑफिसात पोचले. अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला. पहिल्याच पानावर लिहिलं की सात नंबरची मूळ नोंद खोटी आहे, ती मी केली, उपसा तिप्पट नव्हता, पाणी शिळं होतं, आणि ते मी जाणूनबुजून भरलं. का, तेही लिहावं असं एकदा मनात आलं. पण त्यासाठी अहवालात रकाना नव्हता. संबंधित तज्ज्ञ हा माझा साडू आहे, हेही त्यांनी न विचारता लिहिलं. मग खिशातला पिवळा कागद काढून सगळ्यांत वर टाचला आणि खात्याचा शाईचा शिक्का मारून नेऊन दिला.

अकरा वाजता धाकटा जिना उतरत धावत आला. हातात अहवालाची प्रत होती.

"दादा! हे काय केलंत? मी सगळं घेतलं होतं ना माझ्यावर!"

"घेतलं होतंस," बादलीसाहेब म्हणाले. "विचारलं होतंस मला? चूक माझी, आणि मोठा तू होणार? चल हो बाजूला."

धाकटा कागदाकडे बघत होता. मग त्याने वर बघितलं. कागदात काय लिहिलंय ते तो सकाळपासून तीनदा वाचून आला होता. पण तीन वर्षांनी तो 'तू' ऐकत होता.

"माझा परवाना तरीही जाणारच आहे," तो नाक ओढत म्हणाला.

"जाऊ दे की. माझे हार गेले."

परवाना गेला नाही. मूळ नोंदच खोटी निघाली म्हणून समितीने तो वर्षभरासाठीच थांबवला आणि दाखला रद्द केला. बादलीसाहेबांवर चौकशी बसली. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही, निवृत्तीच्या दिवशी रेकॉर्डवाल्या बाईंनी त्यांना तळघरात चहा पाजला, तेवढंच. सासूबाईंनी दोन्ही जावयांबद्दल बोलणं बंद केलं, त्यामुळे त्या बाबतीत तरी बरोबरी झाली.

सात नंबरभोवतालची माती नव्याने खणायची ठरली. ती खणण्याआधी विहीर परत उपसायची होती, आणि ते काम समितीने दोघांना मिळून, तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली, विनामोबदला करायला लावलं. तो तिसरा, नवा परवाना मिळालेला, छत्रीखाली खुर्ची टाकून बसला होता. धाकट्याने बादली सोडली. बादलीसाहेब बाजूला वही घेऊन उभे राहिले आणि बघत राहिले. दोरी सरळ खाली जात होती, पाइपाला कुठे स्पर्श नाही, वर येताना थेंब सांडत नव्हता. आपल्यापेक्षा हात चांगला आहे मेल्याचा, असं त्यांच्या मनात आलं आणि पोटात पुन्हा तेच दुखलं, तितकंच.

"मोठ्याने मोज," ते खेकसले. "ऐकू येत नाही मला."

"एक," धाकटा म्हणाला.